कुलपातलं नाटक

या लिखाणात कोणाचंही नाव येणार नाही. मुलांचं नाही, शाळेचं नाही, संस्थेचं नाही, आणि ज्या नाटकापायी हा सगळा गोंधळ झाला त्या नाटकाचंही नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. मला एकदा कागदावर, सही-शिक्क्यानिशी, नावं द्या म्हणून सांगण्यात आलं होतं. तेव्हा दिली नाहीत, मग आता कोणी न विचारता कशाला देऊ?

मी इंग्रजी शिकवते. आमची शाळा उरणच्या अलीकडे आहे. समोर गावठाण, उजव्या हाताला टॉवर, मागे कंटेनरचं यार्ड. यार्डात क्रेनने डबा खाली टेकवला की वर्गाच्या खिडक्या थरथरतात आणि मी बोलता बोलता थांबते. वर्गातली निम्मी मुलं गावातली. त्यांच्या आजोबांची शेतं आणि मिठागरं याच सिमेंटखाली गेली. निम्मी टॉवरमधली. त्यांचे आईवडील सकाळी ऐरोलीला कंपनीत जातात आणि मुलांशी बहुतेक फोनवरच बोलतात. गावातली मुलं टॉवरवाल्यांना 'बिल्डिंगवाले' म्हणतात आणि टॉवरमधली मुलं गाववाल्यांच्या बोलण्याला हसतात. दोघांत सारखी अशी एकच गोष्ट मला दिसली होती. पाठ्यपुस्तक आणि गाइड सोडून तिसरं पुस्तक कोणीही हातात धरलेलं नव्हतं.

त्या वर्षी मी नववीला चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी रंगभूमी शिकवणार होते. एलिझाबेथन नाटक म्हणतात ते. शिकवायला माझ्याकडे होतं काय, तर दीड पान माहिती, अर्ध्या पानात एका नाटकाची गोष्ट आणि खाली पाच प्रश्न. मी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा पाचही उत्तरं गाइडातून वहीत उतरवून झाली होती. मी विचारलं, गोष्ट कशी वाटली? पहिल्या बाकावरचा मुलगा गोंधळला आणि म्हणाला, बाई, गोष्ट कशाला, उत्तरं झालीत ना.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, हे घरी आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याचं कोणाला नवल वाटत नाही. पण त्या दिवशी मी मुलांवर चिडले नव्हते. आपणच वर्षानुवर्षं त्यांना ताट वाढण्याऐवजी खरकटं वाढत आलो, याची मला चीड आली होती. मी खडू ठेवला आणि म्हटलं, वह्या बंद करा. पुढच्या शुक्रवारी बघू.

शुक्रवारी शेवटून दुसरा तास वेळापत्रकात 'वाचन' म्हणून लिहिलेला होता. नुसता लिहिलेला. त्या तासाला आजवर वह्या तपासल्या जात, राहिलेली गणितं सुटत, नाहीतर मुलं बाकावर डोकं ठेवून पडून राहत. तो तास मी ताब्यात घेतला.

मला त्या काळच्या नटांची एक पद्धत माहीत होती. अख्खं नाटक नटाच्या हाती कधी देत नसत. हाताने लिहायचं म्हणजे कष्ट फार, आणि अख्खी प्रत बाहेर गेली की दुसरी कंपनी ते नाटक ढापणार ही भीती. म्हणून प्रत्येकाला कागदाच्या लांब पट्टीवर फक्त त्याची वाक्यं मिळत. प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द लिहिलेले असत. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. ते कोण बोलणार, कधी बोलणार, मधल्या काळात आपल्या पाठीमागे काय काय घडणार, यातलं काहीही नटाला माहीत नसे. एकत्र तालमीही फारशा होत नसत.

मी तेच केलं. एक नाटक निवडलं, त्यातले प्रवेश कापून छोटे केले, वाक्यं मराठीत आणली आणि पाठकोऱ्या कागदांच्या पट्ट्या चिकटवून प्रत्येकाची पुंगळी केली. त्या शेवटच्या दोन-तीन शब्दांना मुलांनी पहिल्याच दिवशी 'शेपटी' असं नाव ठेवलं. माझी अट एकच होती. शेपटी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

नाटकाचं नाव मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तास संपायच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर सारांश आला असता, आणि पुन्हा खरकटंच.

पहिल्या शुक्रवारी पुंगळ्या वाटल्या आणि प्रत्येकजण आपली पुंगळी उलगडून वाचू लागला. मग प्रश्नांना सुरुवात झाली. बाई, माझा माणूस मरतो का? बाई, हा मला 'चोर' म्हणतो, मी काय चोरलंय? बाई, माझी वाक्यं पाचातच संपतात, नंतर मी काय करतो? टॉवरमधल्या एका मुलीने तर रडवेल्या आवाजात विचारलं की मी राजावर चिडलेली आहे, पण का चिडलेय ते कुठेच लिहिलेलं नाही. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. मला माहीत आहे, पण सांगणार नाही. ते कपाटात आहे. कुठल्या पुस्तकात आहे तेही सांगणार नाही. शोधा.

कपाट म्हणजे जिन्याखालचं लोखंडी कपाट, काचेच्या दाराचं. पूर्वी इथे राहून गेलेल्या एका गृहस्थांनी आपली पुस्तकं शाळेला दिली होती. त्यात एक पूर्ण कप्पा त्या काळच्या नाटकांचा होता. सोप्या इंग्रजीतल्या पातळ प्रती, लाल पाठी. काचेतून छान दिसायच्या. ग्रंथपालाची जागा रिकामी होती म्हणून किल्ली मोठ्या क्लार्ककडे असायची आणि कपाट वर्षातून एकदा, पडताळणीला उघडायचं. का, तर पुस्तकं खराब होतात. मी त्यांना म्हटलं, पुस्तकं खराब होण्यासाठीच असतात. ते म्हणाले, मॅडम, जबाबदारी कोणाची? पालथ्या घड्यावर पाणी. मी लेखी अर्ज दिला. अर्जाला आवक क्रमांक मिळाला, किल्ली मिळाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात शिपाई सांगत आला, गावातले कोणी आजोबा भेटायला आलेत. मी मनात म्हटलं, आली कंप्लेंट. आजोबा व्हरांड्यात चपला काढून उभे होते. डोक्यावर टोपी, हातात माझीच पुंगळी. ती त्यांच्या नातीची होती. ही मुलगी शेवटच्या बाकावर बसायची आणि गावठी बोलते म्हणून चिडवतील या भीतीने वर्गात फारशी बोलायचीच नाही. मी तिला राजाच्या घरातल्या म्हाताऱ्या दासीचं काम दिलं होतं. अकरा वाक्यं, आणि नाटक कापताना त्यातलं एकही मी गाळलं नव्हतं.

आजोबांनी पुंगळी उलगडली आणि म्हणाले, "ही नक्कल हाय ना, बाय?"

मी चमकले. नक्कल हा आपल्या जुन्या नाटकवाल्यांचा शब्द. पात्राच्या वाक्यांची हाती लिहिलेली प्रत म्हणजे नक्कल. मी चारशे वर्षं आणि सात समुद्र ओलांडून जी युक्ती आणली म्हणून मनात खूश होते, ती या गावात आधीच होऊन गेली होती. आजोबा म्हणाले, जत्रेला गावात नाटक व्हायचं. ते तरणे असताना बायकी काम करायचे, लुगडं नेसून. चारशे वर्षांपूर्वी तिकडेही बायकांची कामं मुलगेच करत, असं मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. मान डोलावली, जणू दुसरं कोण करणार.

मग ते म्हणाले, "मना कदी अख्खा नाटक दिलाच नाय. बुक मास्तरच्या पेटीत. मी दुसऱ्या अंकातच मरायचू. मंग मागं बसून लुगडी सोडायची, पेटी भरायची. शेवट काय व्हतो, तो मना आजपन म्हाईत नाय. पोर सांगते, तुमचा बी बुक कुलपात हाय. तिला तरी बुक द्या, बाय."

आजोबा गेले. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि या वेळी तो कुठे न्यायचा ते माहीत होतं.

वर्गात जाऊन मी मुलांना सांगितलं की पुस्तक हवं असेल तर ते मागायचा हक्क तुमचा आहे, माझा नाही. आणि मागताना रांग मोडायची नाही. मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली. गाववाले आणि बिल्डिंगवाले एकाआड एक. प्रत्येकजण खिडकीशी जाऊन म्हणायचा, सर, कपाट उघडा, मला वाचायचंय. मोठ्या क्लार्कांचा डबा तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. त्या वाईट नाहीत, थकलेल्या आहेत. त्यांनी किल्ली टेबलावर सरकवली आणि म्हणाल्या, शुक्रवारचा तास, तुमच्या जबाबदारीवर, आणि माझ्यापर्यंत काही येऊ देऊ नका.

त्यानंतरचे शुक्रवार मी कधी विसरणार नाही. मुलं जिन्याखाली, पायऱ्यांवर, पॅसेजमध्ये लाल पुस्तकं घेऊन बसायची आणि आपलं वाक्य शोधायची. त्यांच्या हातात वाक्य मराठीत, पुस्तक इंग्रजीत. आता मराठी वाक्याचं इंग्रजी काय असेल याचा विचार करायचा, मग पानं चाळायची. टॉवरमधल्या मुलांना इंग्रजी येत होतं, पण दासी, भाट, शपथ, शाप म्हणजे काय ते कळत नव्हतं. गावातल्या मुलांना शाप चटकन कळायचा, इंग्रजी अडायचं. मग जोड्या जमल्या. मी जमवल्या नाहीत. एकजण सहा नाटकं चाळून आला आणि म्हणाला, बाई, आपलं नाटक नाही सापडलं, पण चौथ्या पुस्तकातला खुनी सापडला. ते मी पूर्ण वाचलं, चालेल ना? मी म्हटलं, चालेल की. आणि घाईने तोंड दुसरीकडे वळवलं. शिक्षकाने इतकं खूश झालेलं मुलांना दिसू नये.

आपलं नाटक सर्वांत आधी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने शोधलं. तिचं इंग्रजी वर्गात सर्वांत कच्चं. तिने वाक्य शोधलंच नाही. प्रत्येक पुस्तकात फक्त अकरा वेळा बोलणारी बाई कोण ते मोजत गेली. तीन पुस्तकांत अशा बायका निघाल्या, त्यातली म्हातारी एकच. मग डिक्शनरी घेऊन तिने ते नाटक पहिल्या पानापासून वाचलं. चार शुक्रवार लागले. मला तिने एवढंच सांगितलं की सापडलं. मी विचारलं, बाकीच्यांना सांगितलंस का? तर म्हणते, तुमी पन नाय सांगितला.

सगळं इतकं सरळ चाललं होतं की कोणाच्या तरी डोळ्यात खुपणारच. नोव्हेंबरात संस्थेचे सेक्रेटरी आले. मूळचे याच गावचे, शाळेची जागा त्यांच्याच घरची. जिन्याखाली मुलं मांडी घालून बसलेली पाहून त्यांनी विचारलं, हे काय चाललंय, शिक्षा दिली का? मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाचतायत.

केबिनमध्ये त्यांनी मला चहा दिला. चहा दिला की पुढे काय येणार हे मला कळतं. म्हणाले, "बाई, तुमी शिकवता चांगल्या, माझी कंप्लेंट नाय. पण ह्याचा दहावीला मार्क किती? आमची पोरं उद्या यार्डात नाहीतर गोडाउनला सुपरवायझर लागणार. तिथं काय राजाचे डायलॉग मारतील?"

मी म्हटलं, सुपरवायझर झालेल्या माणसाने वाचलं तर यार्ड बंद पडत नाही. मोठ्या बाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. तो दाबला नसता तर मी आणखी बोलले असते. सेक्रेटरींचा निर्णय तयारच होता. जानेवारीपासून शुक्रवारचा तास गणिताच्या सराव परीक्षांना, आणि किल्ली परत ऑफिसात. मी म्हटलं, मुलांनी काय मिळवलं ते आधी बघा तरी. संमेलनात नाटक करून दाखवतो. ते हसले आणि म्हणाले, ठीक, एकही चूक न होता केलं तर तास तुमचा आणि किल्लीपण तुमची. चूक झाली तर विषय संपला. मी पटकन हो म्हणून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाळीस मुलं, आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर, एकमेकांची वाक्यं ठाऊक नसताना, आणि अट काय, तर चूक होता कामा नये.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी समजावलं. आता तरी पूर्ण प्रत दे, तालमी घे. मी ऐकलं नाही. हा माझा हट्ट होता हे कबूल करते. पण मुलं कपाटाशी का गेली? कारण मी सगळं हातात दिलं नव्हतं. सेक्रेटरींना खूश करायला तेच मोडायचं असेल तर तास वाचवून करायचं काय? म्हणून प्रत्येकाची वाक्यं मी त्याच्याकडून वेगवेगळी पक्की करून घेतली, पण नाटक एकत्र असं संमेलनाच्याच दिवशी होणार होतं.

संमेलन दुपारी होतं, मैदानात मांडव घालून. पुढे खुर्च्यांवर पाहुणे आणि सेक्रेटरी, मागे पालक, त्यांच्यामागे गाव उभं. आजोबा बाजूच्या खांबाला टेकून होते, जिथून विंगेत दिसतं तिथे. मी विंगेत. माझ्या हातात अख्खं नाटक, मुलांच्या हातात काहीच नाही.

पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला. मुलं कान टवकारून उभी होती. एरवी नाटकात पोरं आपलं वाक्य संपलं की प्रेक्षकांत आईला शोधतात. इथे प्रत्येकजण समोरच्याचा शब्द न् शब्द ऐकत होता, कारण शेपटी कधी येईल याचा नेम नाही. यार्डात डबा आदळला तरी कोणी वळून पाहिलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

शेवटचा प्रवेश. राजाने संशयापायी आपल्या माणसाला घराबाहेर काढलंय आणि खरं काय ते फक्त म्हाताऱ्या दासीला माहीत आहे. राजा हरून बसतो, त्याचं लांबलचक भाषण होतं, आणि दासी पुढे येऊन सत्य सांगते. राजा झालेल्या मुलाने भाषण अगदी सुरेख केलं आणि शेवटचं वाक्य टाकलं, "आता पुढे जायला जागा नाही."

पुढे काही नाही.

दासी कडेला उभी. राजा तिच्याकडे बघतोय, ती राजाकडे. सेक्रेटरी खुर्चीत पुढे सरकले. मी हातातल्या प्रतीकडे पाहिलं आणि कुठे चुकलं ते मला कळलं. भाषणाचं शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा 'इथे वाट संपली' असं केलं होतं. नंतर ते बदललं. राजाच्या पट्टीत बदललं, माझ्या प्रतीत बदललं, आणि दासीच्या पट्टीत बदलायचं राहिलं. ती 'वाट संपली' या शब्दांची वाट बघत होती, आणि ते शब्द त्या मांडवात कोणीही बोलणार नव्हतं. चूक तिची नव्हती, राजाची नव्हती. माझी होती. आणि शेपटी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही अटही माझीच.

मागून कोणीतरी शिट्टी मारली. हसू पसरायला लागलं. मी विंगेतून हात हलवत होते, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. अर्ध्या मिनिटाची गोष्ट असेल. मला ती अजून संपलेली वाटत नाही.

आणि मग ती चालत मधोमध आली. चार शुक्रवार डिक्शनरी घेऊन तिने अख्खं नाटक वाचलेलं होतं. राजाचं बोलणं संपलं आणि आता आपणच बोलायचं, हे तिला शेपटीशिवाय कळत होतं. एका बाजूला माझी अट आणि दुसऱ्या बाजूला तिने वाचलेलं पुस्तक. तिने माझी अट मोडली. आणि घाईत जी बोली वर्गात कधी बाहेर काढली नव्हती तीच तोंडातून बाहेर आली.

"म्हाराज, वाट संपली असा तुमी बोलाल म्हनून मी कवाची उभी हाय. तुमी काय बोलत नाय. मंग मीच बोलते. खरा काय हाय ते आयका."

 मग मागे उभ्या असलेल्या गावातून जो आवाज उठला तो मी कधी ऐकला नव्हता. टाळ्या, शिट्ट्या, आणि एक बाई मोठ्याने म्हणाली, बोल गो बाय. त्यानंतर तिने आपलं उरलेलं बोलणं तसंच, आगरी बोलीत, सरळ राजाच्या डोळ्यात बघत पूर्ण केलं. राजाचं काम करणारा टॉवरमधला मुलगा. त्याला बोली निम्मी कळत होती, पण नाटक त्यानेही शोधून वाचलं होतं, म्हणून त्याचं उत्तर बरोबर जागेवर आलं.

पडदा पडल्यावर मी माइक घेतला आणि सर्वांसमोर सांगितलं की मध्ये नाटक अडलं ती चूक माझी, मुलीची नाही, आणि ते सोडवलं ते मुलीने. खाली उतरले तर सेक्रेटरी उभेच होते. म्हणाले, चूक ती चूक, बाई. तुमची असो नाहीतर पोरीची. आणि शाळेच्या स्टेजवर असं गावठी बोलायचं? पाहुणे काय म्हणतील? मी त्यांना विचारलं, तुमची आई कोणत्या भाषेत बोलायची? ते वळून पाहुण्यांकडे गेले. हे विचारल्याचा मला अजूनही पश्चात्ताप होत नाही.

आजोबा मांडवाबाहेर भेटले. शेवट बघितला का, मी विचारलं. म्हणाले, "बघितला. आता बुकात काय लिवलाय तो पन आयकायचा हाय."

तास गेला. पैज हरले होते, रडत बसण्यात अर्थ नव्हता. नाताळच्या सुट्ट्यांआधीचा शेवटचा शुक्रवार आला. किल्ली शाळा सुटताना परत द्यायची होती. मी जिन्याखाली जाऊन कपाट उघडलं आणि मुलांना म्हटलं, आज शेवटचं, काय वाचायचं ते वाचून घ्या. मग वर्गात गेले आणि फळा पुसायला घेतला. फळा स्वच्छच होता. तरी मी तो बराच वेळ पुसला. खाली दप्तरांच्या चेनींचे आवाज येत होते, ते मला ऐकू येत होते. परत खाली आले तेव्हा मुलं रांगेत उभी होती आणि काचेआड कप्पा भरलेला दिसत होता. मी कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली ऑफिसात दिली.

मार्चमध्ये पडताळणीला कपाट उघडलं. लाल पाठी जागेवर होत्या, म्हणजे लाल घोटीव कागदाची कव्हरं. आत गेल्या वर्षीची गाइडं. गणित, विज्ञान, भूगोल, सगळे विषय. कप्प्यात खरं नाटक एकही नव्हतं. मोठ्या क्लार्कांना एक गाइड तर त्यांच्या नववीतल्या मुलाचंच सापडलं म्हणतात, पण ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

मला मेमो आला. कपाट शेवटी आपल्या ताब्यात होतं, तरी गहाळ पुस्तकांबाबत संबंधित विद्यार्थ्यांची नावं तीन दिवसांत लेखी सादर करावीत. मोठ्या बाई म्हणाल्या, दोन-चार नावं लिहून टाका, मुलं आहेत, समज देऊन सोडू, तुमच्यावर कशाला घेता. त्यांचा हेतू चांगला होता. मी घरी जाऊन उत्तर लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी दिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे.

पुस्तकं गहाळ झालेली नाहीत, असं मी लिहिलं. ती कुठे आहेत ते मला माहीत आहे. एक मोरा बंदराच्या धक्क्यावर असतं, घरची होडी लागेपर्यंत वाचायला. दोन टॉवरमध्ये आहेत, लिफ्टने वरखाली होतात. खुन्याचं पुस्तक आतापर्यंत नऊ जणांनी वाचलं असून पानं सुटल्यामुळे ते सुईदोऱ्याने शिवलेलं आहे. एक गावात एका वयस्क गृहस्थांना संध्याकाळी वाचून दाखवलं जातं, इंग्रजीतून आगरीत, आणि ते अजून शेवटापर्यंत आलेलं नाही, म्हणून कृपया परत मागू नये. शुक्रवारचा तास बंद आहे, वाचन बंद झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नावं मी देणार नाही. एकच नाव हवं असेल तर खाली सही केली आहे.

त्या उत्तराचं पुढे काय झालं ते मला कोणी कळवलं नाही. शुक्रवारी गणिताच्या सराव परीक्षा होतात. जिन्याखालच्या कपाटाला आजही कुलूप आहे, आणि आत गाइडं एकदम सुरक्षित आहेत.